पडद्याचा फोटो

वर्षातून एकदा साखर दाखवायला जाते,
तेव्हा डोळेही तपासून घेते.
या वेळी डॉक्टर म्हणाले, पडद्याचा फोटो काढून ठेवू,
काळजीचं काही नाही, नुसता दप्तरी असावा.

पडदा म्हटलं की मला
दांडिया बाजारातला पुराणिकांचा स्टुडिओ आठवतो.
तिथला पडदा म्हणजे रंगवलेला संगमरवरी जिना,
दोन हंस, आणि डाव्या कोपऱ्यात
उंदरानं कुरतडलेला चंद्र.
त्याच्यापुढे जोडपी उभी राहायची,
मुंजीचे बटू, मॅट्रिक झालेल्या मुली.
पडद्याचा फोटो कुणी मागत नसे,
तो माणसांच्या मागून फुकटात यायचा.

मी मागच्या खोलीत.
काचेवर निगेटिव्ह टेकवून, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून
गालांवरचे देवीचे व्रण बुजवायची.
एकवीस वर्षं.

थेंब घालून तासभर बाकावर बसवलं.
शेजारची बाई डोळे मिटून वाती वळत होती,
एकही वाकडी नाही.
मला म्हणाली, आंख बंध राखो बेन, बळे नहीं.

मग आत, अंधारात, हेत्वी नावाची मुलगी.
मावशी, हनुवटी इथे, कपाळ पट्टीला चिकटवा,
हिरव्या ठिपक्याकडे बघा.
माझा हात पदर सारखा करायला गेला
तर हसली. तो नाही येणार यात.
हसा म्हणाली नाही. मान जरा उजवीकडे, तेही नाही.
लख्ख झालं,
आणि बराच वेळ जिकडे पाहावं तिकडे
एक जांभळा रुपया तरंगत राहिला.

पडद्यावर पडदा.
पिकल्या पपईच्या फोडीचा रंग,
एका अंगाला फिकट पिवळी टिकली,
तिच्यातून निघालेल्या शिरा इतक्या बारीक
की तीन शून्यांच्या ब्रशनंही मला जमल्या नसत्या.
आणि काठाशी एक पांढरा डाग.
बोटं आपोआप जुळली. पेन्सिल नव्हती.
हे काय गं?
ती लेन्सवरची धूळ, मावशी. पुसून परत काढते.

पुसून परत.
आमच्याकडे यायचे त्यातल्या कितीकांचा
फोटो परत निघणार नव्हता.
सत्त्याहत्तर साली वाडीतून एक बाई आली.
मुलाचा एकच फोटो, त्यात नेमके डोळे मिटलेले.
मोठा करून द्या, रंग भरून, आणि डोळे उघडून.
मी विचारलं, काळे होते की तपकिरी?
ती काउंटरचं लाकूड नखानं खरवडत राहिली.
मग म्हणाली, मी त्याच्याकडे बघत होते हो,
रंग कशाला बघेन?

मी आरशात पाहून माझेच डोळे त्याला दिले.
जरा मोठे केले.
बुबुळावर खिडकीचा एक पांढरा ठिपका ठेवला,
तो नसला तर डोळा उघडा असून बघत नाही.
न्यायला आली तेव्हा फ्रेम उलटसुलट करून म्हणाली,
हाच.
पुराणिकांनी तिच्याकडून पूर्ण पैसे घेतले.

हेत्वीला हे सांगावं असं वाटलं.
पण ती म्हणत होती, चला, आता डावा आणा.

फोटो चांगले आले म्हणे. डॉक्टरांनी दोन्ही पाहिले,
सगळं ठीक आहे, पुढच्या वर्षी याच्याशी ताडून बघू.
मी पुन्हा एकदा वाकून पाहिलं.
माझ्या डोळ्यांचा तपकिरी त्यात कुठेच नव्हता.
तो वाडीत आहे, एका भिंतीवर,
भिंत अजून असली तर.

बाहेर आले, नाकावर काळा कागदी चष्मा.
सूरसागर पार उडून गेलेला,
आम्ही अशी प्रिंट बादलीत टाकायचो,
पाणी कुठे संपतं, पायऱ्या कुठे लागतात, पत्ता नाही.
रिक्षावाल्यापुढे पाकीट उघडं धरलं,
तूच घे बाबा मोजून.
त्यानं घेतले.
किती, ते संध्याकाळी कळेल.